राक्षसाच्या गाण्याखाली घातलेलं गाऱ्हाणं

पहिलं हेच सांगते की मला गेम खेळता येत नाही आणि शिकायचा पण नाही. तो दोन हातांत धरायचा कंट्रोलर मी एकदाच उचललेला, खालची धूळ पुसायला, तर टीव्हीतला माणूस कड्यावरून खाली गेला आणि माझा दीर असा ओरडला की मांडीवरची पोरगी दचकून निळी पडली. निळी म्हणजे रडता रडता श्वासच अडकला तिचा. मी तिच्या तोंडावर फुंकर मारतेय, पाठ चोळतेय, आणि तो म्हणतोय, "वहिनी, सगळं परत पहिल्यापासून खेळावं लागणार मला!"

त्या दिवसापासून मला त्या टीव्हीचा राग आहे. त्याचा पण आहे. लपवत नाही.

आम्ही ठाकुर्लीला राहतो. हॉल, किचन, एक बेडरूम. बेडरूममध्ये सासरे दुपारचे झोपतात, किचनमध्ये मी आणि सासूबाई, हॉलमध्ये दीर नोकरी शोधतो, म्हणजे गेम खेळतो. नवरा अंबरनाथला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. मी खडवलीची. नववीत नापास झाले, परत बसवलं नाही कोणी, मग लग्न. सासरचे मालवणकडचे. मी घाबरट आहे हे सगळ्यांना माहीत आहे, लिफ्ट थांबली की घाबरते, बेल वाजली की घाबरते, गॅसचा खटका बंद केला की नाही ते उठून उठून बघते, आणि पोरगी झाल्यापासून तर तिचा श्वास चालू आहे ना ते बोट लावून बघते. सासूबाई त्याला म्हणतात भियाळू. "भियाळू सून गावली आमका."

पोरगी संध्याकाळी रडायची. दूध पिऊन, झोप होऊन, काही दुखत नसताना रडायची. एकदा अशीच रडत होती आणि टीव्हीतला माणूस पळत पळत एका खोलीत शिरला. खोलीत एक दिवा, एक खुर्ची, एक ट्रंक. आणि गाणं बदललं. गाणं म्हणजे शब्द नाहीत त्याला. कोणीतरी एका बोटाने पेटी वाजवल्यासारखं, मध्येच थांबायचं, विसरल्यासारखं, मग परत. पोरगी गप्प झाली. तोंड उघडं तसंच राहिलं तिचं, गालावर पाणी, आणि टीव्हीकडे बघतेय.

मी विचारलं, "हे काय आहे?"

"सेफ रूम," दीर म्हणाला. "हितं बसून सेव्ह करायचं. हितं दुश्मन येत नाय."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाय."

"दार उघडं असलं तरी?"

"गेम आहे वहिनी तो. तुझं काय मध्येच."

पण तो तिथे थांबला नाही ना. सेव्ह केलं आणि निघाला बाहेर मारामारी करायला, पोरगी परत सुरू. मी म्हटलं, जरा तिथेच उभं करून ठेवा ना त्याला. तर म्हणे, "मी काय तुझ्या पोरीचा पाळणा हाय?"

मग मी माझ्या फोनवर शोधलं. फोन दिराचाच जुना, काच फुटलेला, नवीन घेतला तेव्हा मला दिला. मला टाईप करायला वेळ लागतो, जोडाक्षरं चुकतात, म्हणून मी माईक दाबून बोलते. हे पण बोलूनच लिहितेय. तर म्हटलं, गेमचं सेफ रूमचं गाणं, आणि ढिगाने आली. ह्या गेमची, त्या गेमची, नुसतं वाजवलेलं, चित्र एकच स्थिर. आणि खाली लोकांनी लिहिलेलं. इंग्रजीत, बाकी कुठल्या कुठल्या भाषांत, खाली बटण असतं ते दाबलं की मराठीत होतं, मोडकंतोडकं. मला वाटलेलं गाणं छान आहे, आवडलं, असं असेल. तसं नव्हतं. कोणीतरी लिहिलेलं की हे ऐकलं की मी लहान असताना दवाखान्याच्या पायरीवर बसलेलो ते दिसतं, बाबा आत होते. एकाने लिहिलेलं, हा पिवळा रंग आहे.

मला राग आला. पिवळा कुठे? रोज ऐकतेय मी ते, पोरीला खांद्यावर टाकून, आणि हा कोण कुठला येऊन पिवळा म्हणतो. मी माईक दाबला आणि बोलले. माझं पहिलं लिहिलेलं ते असं होतं, अजून पाठ आहे:

पिवळं नाय हे. हे राखाडी आहे. चूल विझल्यावर राखेत हात घातला की आत अजून ऊब लागते तसं. बाहेर कोणतरी चालतंय पण त्याला माहीत नाय आपण आत आहोत. पोरगी झोपलीय, उठवू नका.

बाणावर बोट दाबलं आणि ते गेलं. बाजूला एक गोल चित्र आलं, कवटीचं, डोक्यावर टोप घातलेली कवटी. मला वाटलं गेमच्या गाण्याखाली लिहिणाऱ्याला कवटीच मिळत असेल. खरंच वाटलं. बाकीच्यांची चित्रं वेगळी होती पण मी म्हटलं असेल काहीतरी.

मग सवय लागली. वॉशिंग मशीन गॅलरीत आहे, ती फिरायला लागली की बाहेर बोललेलं आत ऐकू जात नाही. मी पोरीला कडेवर घेऊन तिथे उभी राहायचे, एक कान गाण्याला, एक कान घराला, हेडफोनची उजवी बाजू अशीही बंदच होती. गाणं आधी एकदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा वाजलं की दिसेल ते बोलायचं, मध्ये थांबायचं नाही, थांबलं की आपण शहाणपणा करायला लागतो. मशीन थांबायच्या आत संपवायचं.

एक पाण्याखालचं गाणं होतं, त्याला मी म्हटलं, ही आमच्या खडवलीची नदी. वर पिकनिकवाले हसतात ते लांबून ऐकू येतं, खाली पायाला काहीतरी लागतं, आणि तो दगडच आहे असं आपण स्वतःला सांगतो. एक दुकानाचं होतं, उड्या मारणारं, गोड गोड. सगळे खाली लिहीत होते किती आनंदी. मी लिहिलं, हा दुकानदार लबाड आहे. माझं लग्न ठरवायला आलेला मामा असाच हसत होता, पोह्यांच्या बशीत बघून.

त्याच्याखाली उत्तरं यायची हिंदीत. "भाई क्या पी के लिखा है." "भाई सब ठीक है ना घर पे." भाई का म्हणतात ते कळेना. घरी सब ठीक नव्हतंच, पण ते यांना काय सांगायचं.

घरात काय चाललेलं ते सांगते आता.

सासूबाईंनी गणपतीच्या आधी माळ्यावरची मोठी बॅग काढायला लावली. मी म्हटलं सगळे जातोय का गावाला? तर म्हणाल्या, "मी जातंय. आणि चेडू जातला माझ्यावांगडा." चेडू म्हणजे पोरगी, वांगडा म्हणजे बरोबर. माझी पोरगी. गावाला मोठी जाऊ आहे, तिला दोन मुलगे, मुलगी नाही, अंगण आहे, म्हैस आहे. तिथे ठेवायची. शाळेत घालायची होईपर्यंत.

"हिच्या मांडयेर वाढला तर हिच्यासारख्याच भियाळू होतला," सासूबाई नवऱ्याला सांगत होत्या, मी समोर भाकऱ्या थापतेय, माझ्याकडे न बघता. "जरा आवाज झालो की निळा पडता. आवशीचा बघून शिकता ता." आवस म्हणजे आई, म्हणजे मी.

नवरा चहा पीत म्हणाला, "थोडेच महिने गं. आई काय चुकीचं नाय बोलत."

थोडेच महिने. पोरगी दीड वर्षाची पण नव्हती. माझं दूध चालू होतं. मी आईला फोन केला खडवलीला, तर आई म्हणते, "वाकडं नको घेऊ त्यांच्याशी. तुझ्या भावाचं अजून व्हायचंय." मी काय बोलणार? मला बोलताच येत नाही समोर. घसा आवळतो, श्वास पुरत नाही, वाक्य अर्धं राहतं आणि मग सगळे म्हणतात बघ, बोलता पण येत नाही हिला.

बॅग हॉलमध्ये सोफ्याच्या बाजूला उघडी. रोज त्यात पोरीचं काहीतरी जायचं. झबलं. बाटली. लोकरीचं टोपडं, ते मी विणलेलं.

आणि दीर त्या दिवसांत राक्षसाशी लढत होता. तिसऱ्या भागाच्या शेवटी एक राक्षस येतो, दगडाचा, डोकं टीव्हीच्या वर जातं, दिसत पण नाही. त्याचं गाणं म्हणजे नुसते ढोल. ढोल वाढत वाढत येतात, एकदम सगळं बंद, आणि मग सगळे मिळून एकच दणका. परत वाढत येणार, बंद, दणका. दीर रोज मरायचा, रोज तेच.

मी ते ऐकत भांडी घासत होते आणि मला एकदम कळलं हे कुठे ऐकलंय. हे सासऱ्यांचं गाऱ्हाणं होतं.

आमच्या खडवलीला गाऱ्हाणं नाही. आमच्याकडे आरती करतात आणि मागायचं ते मनातल्या मनात मागतात. लग्नानंतर पहिल्या गणपतीला बिल्डिंगच्या मंडपात सासरे पुढे झाले, नारळावर हात ठेवून, आणि देवाशी असे बोलायला लागले की मी दचकले. देवाला विनवत नव्हते, उभ्याने दम देत होते. बारा वाटेच्या म्हाराजा, ह्या लेकराचा असा कर, जो कोण आडवो येयत तेका आडवो कर रे म्हाराजा! आणि थांबतात. मग सगळे एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" परत एक मागणं, थांबणार, परत "व्हय म्हाराजा!" अख्खी बिल्डिंग बोलवते त्यांना गाऱ्हाणं घालायला. कोणाच्या नवीन गाडीला, कोणाच्या पोराच्या परीक्षेला. सासऱ्यांचं गाऱ्हाणं लागतं म्हणतात.

मला ते फार आवडलेलं. एक माणूस बोलतो आणि वीस माणसं पाठीमागून ढकलतात. माझ्या पाठीमागून कधी कोणी ढकललं नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन लावली, राक्षसाचं गाणं काढलं, एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा बोलले. ढोल वाढतात तिथे बोलायचं, बंद पडतं तिथे थांबायचं, दणका त्यांचा. हे बोलले:

बारा वाटेच्या म्हाराजा, ह्या ढोलाच्या मालका, तुझे पाय जड आहेत ते मला घरात ऐकू येतात. जो कोणी माझ्या पोरीला माझ्या मांडीवरून उचलायला हात पुढे करेल, त्याचा हात तिथल्या तिथे धर रे म्हाराजा. ज्या तोंडाने मला भियाळू म्हणाले त्या तोंडात माती घाल रे म्हाराजा. जी बॅग माळ्यावरून काढलीय ती रिकामी परत वर जाऊ दे रे म्हाराजा. छातीत दूध आहे अजून माझ्या. माणसांपुढे मला बोलता येत नाय म्हणून तुझ्यापुढे बोलते.

पाठवलं. अंग हलकं झालं. कपडे वाळत घातले.

मग रविवार आला. दुपारी सुरमई तळून झालेली, सासरे जेवून आत आडवे, नवरा घरी, सासूबाई ओट्यापाशी. दिराचा फोन वाजतच होता, वाजतच होता. त्याचे डोंबिवलीचे मित्र, गेमवाले, त्यांच्या ग्रुपवर कोणीतरी फोटो काढून टाकलेला. तो बघतोय, बघतोय, कान लाल झाले. मग उठला आणि किचनच्या दारात.

"वहिनी, तुझा फोन दे."

"का?"

"दे आधी."

मित्रांनी काय लिहिलेलं ते त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. "भावा, तुझ्या छातीत दूध कधी आलं?" "भावा, बारशाला नाय बोलावलंस?" ती कवटी त्याची होती. त्या फोनवर त्याचंच अकाउंट राहिलेलं, मी लिहिलेलं सगळं त्याच्या नावाने गेलेलं. राख, नदी, मामा, दूध, सगळं.

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं." खरंच नव्हतं.

"माहीत नव्हतं! थांब, आता सगळ्यांना माहीत करतो."

त्याने टीव्हीवर तेच गाणं लावलं. आवाज मोठा. हॉलच्या मध्ये उभा राहिला, एक हात कमरेवर, आणि बापाची नक्कल करत वाचायला लागला. त्याला येते ती नक्कल, चांगली येते, बिल्डिंगमध्ये पोरं हसतात त्याला. "बारा वाटेच्या म्हाराजा! ह्या ढोलाच्या मालका!" नवरा हसायला लागला. मी भिंतीला टेकलेली, पोरगी कडेवर. "माझ्या पोरीला माझ्या मांडीवरून उचलायला हात पुढे करेल, त्याचा हात तिथल्या तिथे धर रे म्हाराजा!" ढोल बंद पडले.

आणि बेडरूममधून, झोपेतनं, सासऱ्यांचा आवाज आला. "व्हय म्हाराजा!"

मग दणका.

नवऱ्याचं हसणं थांबलं. दिराला अजून मजा वाटत होती, तो पुढचं वाचतोय, तोंडात माती घाल रे म्हाराजा, आतून परत, "व्हय म्हाराजा!" बॅग रिकामी परत वर जाऊ दे रे म्हाराजा. "व्हय म्हाराजा!"

सासूबाई कालथा घेऊन बाहेर आल्या. तोंड पांढरं. "गप रव मेल्या! वाचू नको! अरे काय वाचतंस तू ह्या घरात उभो रवान!"

सासरे लुंगी सावरत दारात. "कसला गाऱ्हाणा? कोण घालता?"

टीव्हीवर ढोल चालूच. मग सगळे माझ्याकडे.

"तुझा ह्या?" सासऱ्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"कोणापुढे घातलंस?"

मी म्हटलं, "राक्षसापुढे."

"खंयच्या राक्षसापुढे?"

"तिसऱ्या लेव्हलच्या," दीर म्हणाला.

तुम्ही हसाल. हसा. त्या हॉलमध्ये कोणी हसत नव्हतं. मी पण नाही, मला तर सगळ्यांत जास्त भीती वाटत होती, कारण मी म्हटलेलं ते खेळ म्हणून म्हटलं की खरं, ते माझं मलाच सांगता येईना. सासूबाई ओरडल्या, "मागे घे! आत्ताच्या आत्ता नारळ ठेव आणि तोंडान मागे घे!" मी पोरीला घट्ट धरलं आणि मान नाही अशी हलवली. मानच हलली.

नवरा मध्ये पडला, हुशारीने. "ए, तो राक्षस मारता येतो ना?"

"येतो."

"मग मार त्याला. विषय संपला."

"मी अजून एकदा पण नाय मारलेला," दीर म्हणाला.

आणि मग, देवाशपथ सांगते, रविवारच्या दुपारी आमचं अख्खं घर सोफ्यावर बसून गेम बघत होतं. सासूबाई हात जोडून. "मार रे बाबू, मार त्येका." नवरा, "पाठीमागून जा ना! पाठीमागून!" दीर घामाघूम. राक्षस पाय उचलायचा, दीर मरायचा. सेफ रूममध्ये परत जिवंत व्हायचा, माझं ते एका बोटाचं गाणं दोन क्षण वाजायचं, पोरगी मान वर करायची, आणि तो बाहेर पळायचा, मरायचा. एकदा राक्षसाचं थोडंसंच रक्त राहिलेलं. सासूबाई उभ्या राहिल्या. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, पड मेल्या. दीर पडला.

चहाची वेळ होऊन गेली तेव्हा सासरे म्हणाले, "बंद कर ता."

दिराने कंट्रोलर खाली ठेवला.

"मी व्हय म्हटलंय. एकदा नाय, तीनदा. बिल्डिंगीतली माणसां माझ्या शब्दावर नारळ आणतत. माझोच व्हय मी मागे घेतलंय तर उद्या माझ्यापुढे नारळ कोण ठेवतलो?"

"अहो, तुम्ही झोपेत होतात," सासूबाई म्हणाल्या.

"देवाक सांगू झोपेत होतंय म्हणान?" मग टीव्हीकडे बोट केलं. "ज्याच्यापुढे घातलानी, तो उभो आसा. तो उभो आसा तवसर चेडू हलूचा नाय." म्हणजे राक्षस मरेपर्यंत पोरगी घरातच.

मी पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले त्यांनी. "तुझ्यासाठी नाय ह्या. तुझी जीभ चिमट्यान ओढूक व्हयी."

बॅग नवऱ्याने रिकामी केली. झबलं, बाटली, टोपडं, सगळं सोफ्यावर फेकलं आणि स्टुलावर चढून बॅग माळ्यावर सारली. माझ्याकडे बघितलं नाही. सासूबाई एकट्याच गावाला गेल्या, लहान पिशवी घेऊन, आणि परत आल्या. माझ्याशी बोलत नाहीत. पोरीला सांगतात, "सांग तुझ्या आवशीक, मीठ कमी आसा." दिराने माझ्या फोनमधून स्वतःचं अकाउंट काढलं, मी लिहिलेलं सगळं पुसलं. राख गेली, नदी गेली. मला नवीन अकाउंट उघडता आलं, आता कवटी नाही, नुसतं एक अक्षर येतं. पण गाऱ्हाणं परत लिहिलं नाही. एकदा घातलं ते पुरे.

सासूबाईंनी आशा सोडलेली नाही. संध्याकाळ झाली की दिराला चहाबरोबर बिस्किटं जास्त देतात. तो हेडफोन लावून बसतो आता, मला गाणं ऐकू जाऊ नये म्हणून. नुसती बटणांची खटखट. पण मला खटखटीवरून कळतं. सावकाश चालली की तो सेफ रूममध्ये आहे. जोरात चालली की राक्षस आला. आणि फार फार जोरात, मध्ये श्वास पण न घेता चालली की राक्षसाचं थोडंसंच राहिलंय.

तेव्हा मी पिठाचे हात तसेच ठेवते आणि पोरीला खाली सोडते.

"जा," म्हणते, "काकाला हाक मार."

ती जाते दुडुदुडु आणि त्याचा कोपर धरून ओढते. मग तो ओरडतो, पहिल्यासारखाच, भिंती हलतात. मी कान देते. पोरगी निळी पडत नाही आता. खदखदून हसते.

मी कणीक मळते.